सकाळी साडेनऊचं नाशिक

दोन हजार सात-आठच्या सुमाराला मी नाशिकच्या द्वारका चौकाजवळच्या एका दोन खोल्यांच्या ऑफिसात कामाला होते. आम्ही लोकांच्या वेबसाइट बनवायचो आणि त्यांच्या जाहिराती नेटवर चालवायचो. मुलाखतीत साहेबांनी विचारलं, "अ‍ॅनालिटिक्स येतं का? वेबसाइटवर कोण, कुठून, किती आलं ते बघायला?" मी ठोकून दिलं, "येतं." कसलं डोंबलाचं येतंय! सायबर कॅफेत बसून दोन संध्याकाळी डोळे फाडून पाहिलं होतं, तेवढंच. थाप पचली, पण त्या दिवसापासून पकडले जायची धास्ती काही गेली नाही.

पहिलंच काम मिळालं ते सातपूरच्या एका काकांचं. मूळचे सटाण्याकडचे. पत्र्याच्या शेडमध्ये ते कांदा लहान-मोठा निवडणारं मशीन बनवायचे. काकू, चार कामगार आणि एक जुना कॉम्प्युटर, एवढा कारभार. काका पहिल्याच भेटीत म्हणाले, "पोरी, उन्हाळ कांदा निघायच्या आत ऑर्डरी आल्या तर ठीक. नाय आल्या तर शेड सोडायची. ही चार माणसं घरी बसतील अन् मी पुन्हा दुसऱ्याच्या कंपनीत हजेरी लावीन." हे ते हसत हसत बोलले.

गुजरात, इंदूर, कर्नाटक आणि आपला जिल्हा अशी जाहिरात लावली. दर क्लिकला पैसे कापले जायचे आणि प्रत्येक ठिकाणचा रोजचा खर्च ठरलेला. तेवढे क्लिक झाले की जाहिरात दुसऱ्या दिवसापर्यंत गायब. महिन्याभराने मी रिपोर्ट उघडला. बघते तर काय, नाशिकची रेघ सरळ वर गेलेली! रोज सकाळी साडेनऊ ते दहा, नुसती झुंबड. बाकीची गावं त्यापुढे किरकोळ.

मी प्रिंट काढून धावत सातपूरला गेले. "काका, अख्खं नाशिक तुमचं मशीन बघतंय!" काकांनी तो कागद दोन्ही हातांनी घेतला आणि देवाच्या फोटोशेजारी चिकटवला. मग मी शहाणीने काय केलं? गुजरात बंद, इंदूर बंद, कर्नाटक बंद. सगळा खर्च नाशिकवर, तोही सकाळीच.

त्याच रिपोर्टमध्ये आणखी एक रकाना होता. माणूस वेबसाइटवर किती वेळ थांबला, ते सांगणारा. नाशिकची माणसं दोन-चार सेकंदांतच परत जात होती. देवळाबाहेरूनच हात जोडून पुढे जावं, तशी. मला ते दिसलं होतं. खोटं कशाला बोलू? दिसलं आणि मी ते पान बंद केलं. विचारलं असतं तर मला काही येत नाही हे साहेबांना कळलं असतं.

आणि फोन थांबले. आधी गुजरातेतून आठवड्याला एखादा तरी चौकशीचा फोन यायचा. आता तोही नाही. रेघ रोज वर चढत होती आणि काकांचा फोन मुका. शेतात कांदा पोसत होता, दिवस सरत होते. शेवटी एका सकाळी काय व्हायचं ते होवो म्हणत मी सातपूरची बस पकडली.

शेडमध्ये उदबत्तीचा वास होता. काकूंनी मशीनला हळदकुंकू वाहिलं, मग कीबोर्डला बोट टेकवलं. काकांनी आमची जाहिरात शोधून हात जोडले आणि क्लिक केलं. मागोमाग काकू. मग रांगेत उभे चारही कामगार, एकेक करून. भिंतीवरच्या घड्याळात साडेनऊ वाजले होते.

"हे काय करताय?" माझा आवाज फाटला.

"भवानी," काकू कौतुकाने म्हणाल्या. "पहिलं गिऱ्हाईक आपलंच. दिवस चांगला जातो. शेजारच्या शेडवाल्यांना सांगितलंय, माझे भाऊ, ह्यांचे साडू, सगळे आपापल्या ठिकाणी न चुकता करतात हो."

मी मटकन स्टुलावर बसले. पळून जावं असं वाटलं. यांच्यावर ढकलावं असंही वाटलं, आणि त्याची आजही लाज वाटते. पण सांगितलं. अडखळत, रडत, सगळं सांगितलं. ही भवानी होईस्तोवर दिवसाची जाहिरात संपते. बाहेरची गिऱ्हाइकं मी स्वतःच बंद केली. मला हे काम येत नव्हतं.

काका ओरडले असते तर बरं झालं असतं. ते देवाशेजारच्या कागदाकडे बघत राहिले. "म्हणजे," ते हळूच म्हणाले, "हे सगळे आपणच होतो? दुसरं कोणीच बघत नव्हतं?"

मी स्टूल कॉम्प्युटरकडे ओढलं.

त्याच कॉम्प्युटरवर मी नाशिक बंद केलं आणि बाहेरचे प्रांत उघडले. दुपारी साहेबांनाही खरं सांगितलं. ते एवढंच म्हणाले, "फोन आला नाही तर तूही येऊ नकोस." तेव्हापासून रोज मी शेडमध्ये फोनसमोर बसू लागले. काकू चहा द्यायच्या, बोलायच्या मात्र नाहीत. कामगार माझ्याकडे बघायचे आणि मी कप तसाच खाली ठेवायचे.

चौथ्या दिवशी फोन वाजला. काकांनी उचलला. पलीकडचा माणूस मोठ्याने हिंदीत बोलत होता, मशीन तासाला किती कांदा निवडतं, कधी मिळेल, विचारत होता. "आप किधर से बोलते?" त्यांनी विचारलं. पुन्हा विचारलं. मग रिसीव्हरवर तळहात दाबून ते माझ्याकडे वळले. इतका घाबरलेला मोठा माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता.

"पोरी," ते कुजबुजले, "हा आपल्यातला नाय ना?"