घरमालकांचा विचार चालू आहे

निर्णय न घेणं ही जर विद्या असेल, तर ती चेन्नईतल्या आमच्या घरमालकांइतकी कुणीच साधलेली नाही. मी सरकारी कचेरीत पंचवीस वर्षं काढलेली बाई आहे, फाईल कशी दाबून ठेवतात हे मला कुणी शिकवायला नको. पण एकट्या माणसाने, कुठल्याही साहेबाच्या मदतीशिवाय, एकच प्रश्न सहा वर्षं ताटकळत ठेवलेला मी फक्त त्यांच्याकडे पाहिला. आणि प्रश्न काय, तर कॉम्प्युटरमध्ये नवी सिस्टीम घालायची की नाही! मुलीचं लग्न नाही, जमिनीचा वाटा नाही. अहो, एक चकती आत सरकवायची आणि दोन तास गप्प बसायचं. पण गप्प बसणं सोडून बाकी सगळं ते करायचे.

दोन हजार एक साली माझी सांगलीहून तिकडे बदली झाली आणि नंगनल्लूरला त्यांच्या घराचा तळमजला आम्ही भाड्याने घेतला. वरच्या मजल्यावर ते एकटे. त्यांची बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगा पेरुंगुडीला मोठ्या कंपनीत आणि राहायलाही तिकडेच. पहिल्या दिवशी मी मोडक्या इंग्रजीत पाण्याची वेळ विचारली तर म्हणाले, "बाई, पाणी सकाळीं सहास येतें. तुम्ही मराठी बोला, मज कळतें." तंजावरचे मराठी ते, पिढ्यान् पिढ्या तिकडेच राहिलेले. त्यांची ती जुनी, हेल काढून बोललेली मराठी ऐकून मला इतका आनंद झाला की मी लगेच त्यांना तिथल्या रीतीप्रमाणे मामा म्हणायला लागले, आणि तिथेच फसले. मराठी बोलणारी आणि कचेरीत कॉम्प्युटरवर बसणारी बाई आयतीच तळमजल्यावर सापडल्यावर माणूस सोडतोय होय! दर रविवारी दहाच्या ठोक्याला वरून हाक यायची, "बाई, एक संशय होता." मी हातातली पोळी टाकून वर. आमचे हे म्हणायचे, "जा, तुझं अधिवेशन सुरू झालं."

त्यांचा कॉम्प्युटर अठ्ठ्याण्णव सालच्या सिस्टीमवर चालायचा. चालायचा म्हणजे काय, बटण दाबून मामा अंघोळीला जायचे आणि परत येईपर्यंत तो जेमतेम जागा झालेला असायचा. त्याला मामींच्या जुन्या कांजीवरम साडीचं जरीकाठी पांघरूण होतं. चपला दाराबाहेर काढल्याशिवाय त्याच्यासमोर बसायचं नाही. आयुधपूजेला, म्हणजे आपल्या खंडेनवमीला, पडद्याला गंध-कुंकू लागायचं, कीबोर्डवर शेवंती वाहायची आणि त्या दिवशी त्याला कुणी हात लावायचा नाही, कारण त्यालाही सुट्टी. एका वर्षी कुंकू कीबोर्डच्या फटीत गेलं आणि पोंगलपर्यंत चार बटणं अडकत होती. मी साफ करायला ब्रश घेतला तर म्हणाले, "असूं द्या बाई, प्रसाद आहे."

आणि सल्ला तरी किती जणांचा घ्यावा! दातांच्या डॉक्टरला त्यांनी तोंड उघडं असताना विचारलं. देवळातल्या गुरुजींना विचारलं. कॉफीची पूड दळून देणाऱ्या दुकानदाराला विचारलं. त्या भल्या माणसाने उभ्या जन्मात कॉम्प्युटरला हात लावला नव्हता, तरी त्याचं मत डायरीत गेलं. हो, डायरी होती. पानाच्या मधोमध रेघ, डावीकडे 'घालावी', उजवीकडे 'घालूं नये'. डावीकडे मुलाचं नाव आणि खाली माझं. माझ्यापुढे कंसात 'रागीट'. मी ते वाचलं तेव्हा माझ्या अंगाचा असा तिळपापड झाला की कंसातला शब्द तिथल्या तिथे खरा ठरला.

मी एकेक कारण खोडून काढायची आणि ते दुसरं पुढे करायचे. नवी सिस्टीम बाजारात आली तेव्हा म्हणाले, "पहिली म्हणजे पहिला डोसा, बाई. तव्यास चिकटतो. दुसरा पाहूं." तिची सुधारलेली आवृत्ती आली, तर म्हणे आणखी एक येणार आहे असं पेपरात आहे, थोडं थांबूं. मग राहुकाळ निघाला, मग लोडशेडिंगची भीती निघाली, मग मशीनला एवढं ओझं झेपेल का हा प्रश्न निघाला. आणि हे सगळं स्टीलचा कॉफीचा पेला दोन्ही हातांनी धरून, घोट घोट घेत, अगदी निवांत. चेन्नईच्या त्या उकाड्यात माणूस थंडी वाजल्यासारखा पेला दोन हातांत का धरतो, हे काही मी विचारलं नाही. मला वाटलं, एवढी खुळं आहेत, त्यात हे एक.

तिसऱ्या वर्षी माझ्या संयमाचा बांध फुटला. मुलाने नव्या सिस्टीमची चकती आणून माझ्याकडेच ठेवलेली, "आंटी, ही लिसन्स टु यू ओन्ली" म्हणून. रविवारी ती घेऊन मी वर गेले, तर मामा म्हणाले, "आज अष्टमी." मी म्हटलं, "मामा, तुम्हाला घालायचीच नाहीये! स्पष्ट सांगा ना! माझे रविवार काय फुकट आलेत? यापुढे तुमचा संशय तुमच्यापाशी. मी काही जिना चढायची नाही." चकती टीपॉयवर आपटली आणि खाली आले. पुढचे दोन रविवार वरून हाका आल्या, मी हूं की चूं केलं नाही.

तिसऱ्या रविवारी मामा स्वतः खाली आले. गुडघे धरून, एकेक पायरी उतरत. दारातच उभं राहून म्हणाले, "सेरी, बरें बाई. घालून टाका. पण माझें मराठी चालेल ना त्यांत?"

"चालेल हो! न चालायला काय झालंय?" मी म्हटलं. कुठल्या ठसक्यात म्हटलं ते आठवलं की आजही कानशिलं तापतात.

पुढच्या रविवारी मुलगा आला, राहुकाळ टाळून चकती आत सरकली आणि तासा-दोन तासांत पडदा असा लखलखीत झाला की मी केसरी, म्हणजे तिकडचा शिरा, करून वर नेली. मामा अंघोळ करून बसले. त्यांनी मराठीचा प्रोग्रॅम उघडला. तो उघडेना. जुनं काहीतरी उघडलं, तर पडदाभर चौकोन, प्रश्नचिन्हं आणि काटेरी रेघोट्या. मुलाने तासभर खटपट केली. मामा नुसते म्हणाले, "उद्यां सोमवार."

तेव्हा कुठे मला कळलं. तंजावरला त्यांची थोरली बहीण होती, अक्का. नव्वदीला टेकलेली, ठार बहिरी, म्हणजे फोनचा उपयोग नाही. नजर एवढीच उरलेली की सुपारीएवढी अक्षरं दिसायची. दर सोमवारी मामा तिला सुपारीएवढ्या मराठी अक्षरांत, दहा-बारा पानं छापून पत्र टाकत. तमिळ तिला वाचता यायचं, पण भावाचं पत्र तमिळमध्ये गेलं की ती 'हें परक्याचें' म्हणून बाजूला ठेवायची. "मग हाताने लिहा ना," मी अजून तोऱ्यातच. त्यांनी उजवा हात माझ्यापुढे धरला. तो थरथरत होता. थांबतच नव्हता. पेला दोन हातांत का, ते त्या दिवशी समजलं, आणि मला इतकी लाज वाटली की केसरी तशीच खाली घेऊन आले.

सोमवारी त्यांनी सांगितलं तसं मी जाड पेनाने लिहून पाठवलं. आठवड्याच्या आत अक्काचं पोस्टकार्ड आलं. आख्ख्या कार्डावर मावतील तेवढेच शब्द: 'अक्षर कोणाचें? तूं जिवंत आहेस काय?' मग मात्र माझा राग अनावर झाला. मुलावर, त्या चकतीवर, कुठल्याही अक्काला न विचारता जुन्या वस्तू मोडीत काढणाऱ्या शहाण्यांवर, आणि सगळ्यात जास्त माझ्या जिभेवर. मुलाला मी फोनवर असं फैलावर घेतलं की तो बिचारा रजा टाकून आला. मामांनी मराठीच्या प्रोग्रॅमच्या फ्लॉप्या पापडाच्या डब्यात जपून ठेवल्या होत्या, त्या काढल्या. दिवसभर घाम गाळून आम्ही अठ्ठ्याण्णव साल परत आणलं. संध्याकाळी प्रिंटर करकरला आणि पहिलं पान बाहेर आलं: 'अक्का, मी आहें.'

"हे आधी सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं?" मी ओरडलेच. मामा पेल्यात बघत म्हणाले, "सांगितलें असतें तर तुम्ही म्हणाला असता, नका घालूं. मग रविवारीं बोलायचें काय?"

त्यानंतर दर रविवारी मी न बोलावता वर जायची आणि 'घालाच' या बाजूने कडकडून भांडायची. मनात नसताना भांडायला फार कष्ट पडतात, पण भांडले.

सहाव्या वर्षी अक्का गेली. त्याच सुमारास माझी बदली परत सांगलीला झाली. आम्ही खोकी बांधत होतो तेव्हा मामा खाली उतरले आणि खोक्यावर टेकले. "बाई, जाण्याअगोदर ती नवीन घालून टाका. विचार संपला." सहा वर्षं ज्या वाक्यासाठी मी घसा फोडला होता, ते असं आलं. माझ्या तोंडून निघालं, "राहू द्या हो मामा. एवढी काय घाई आहे?"

"मग जुनी ठेवून लिहूं कोणास?"

"का? मी काय मेलेय?" मी खेकसले आणि सुतळीची गाठ उगाचच पुन्हा सोडून बांधायला घेतली.

सांगलीला पोचल्यावर दुसऱ्या आठवड्यात पोस्टमनने जाडजूड पाकीट दिलं. आत अकरा पानं. पहिल्या पानावर फक्त चार शब्द मावले होते: 'बाई, एक संशय होता.' पुढच्या दहा पानांत आणखी नवी एक सिस्टीम आली आहे, मुलगा मागे लागला आहे, कॉफीवाला मात्र नको म्हणतो, तुमचें मत काय, एवढा मजकूर. मी उलट टपाली कळवलं, की खबरदार घालाल तर. तेव्हापासून दर आठवड्याला पाकीट येतं. आमचे हे म्हणतात, अगं, तुला चांगलं स्वच्छ दिसतंय, त्यांना अक्षरं बारीक करायला सांग, कागद वाचेल, टपालखर्च वाचेल. खरंच आहे, मला अजून सुईत दोरा ओवता येतो. पण ते मी मामांना कळवलेलं नाही.