बाबांचं बोलणं गेलं तर

फोन वाजला की उचलण्याआधीच वाईट बातमी गृहीत धरायची, ही खोड मला त्या वर्षांत लागली. मी लग्न होऊन अकोल्याला, बाबा भातकुलीकडच्या आमच्या गावात. तिथे त्यांची पिठाची चक्की होती. तेव्हा पेपर उघडला की कुठल्या तरी गावात कोणी फवारणीचं औषध पिऊन गेल्याची बातमी असायचीच. त्यामुळे गावोगावी एक भलतंच शहाणपण आलं होतं. माणूस कोसळला की आधी त्याचं तोंड हुंगायचं आणि लगेच मिठाचं पाणी पाजायचं.

या शहाणपणानेच बाबांच्या मित्राचा घात केला. तो कपाशीवर फवारा मारून तसाच, अंगाला वास घेऊन, ज्वारीचा डबा दळायला घेऊन आला आणि चक्कीच्या ओट्यावर बसल्या बसल्या कलंडला. लोक धावले. "औषध घेतलं यानं!" कोणी तरी ओरडलं आणि तांब्याभर मिठाचं पाणी आलं. त्याला खरं तर लकवा झाला होता. बोलता येत नव्हतं, पण शुद्ध होती. एका हाताने तो नको नको करत होता. लोकांना वाटलं, याला जगायचंच नाही, म्हणून त्यांनी तो हातही धरून ठेवला. पाणी श्वासात गेलं.

त्यानंतर तो बरेच महिने खाटेवर पडून होता. आमच्याकडे आजारी माणूस एक आणि डॉक्टर अख्खी गल्ली. कोणी म्हणे नागपूरला न्या, कोणी म्हणे आता कुठेच नेऊ नका. नाकात नळी, नळी उपसू नये म्हणून हात खाटेला बांधलेला. त्याला स्वतःला मात्र कोणी काही विचारलं नाही. बाबा रोज त्याच्याकडे जाऊन बसायचे. मला म्हणाले, "त्याचे डोये पाह्यले काय तुनं? सारं समजते त्याले." पावसाळ्याआधी तो गेला. बाबा त्यानंतर चक्कीवर गप्प गप्प राहू लागले.

पुढच्या अक्षय तृतीयेला पितरांची घागर भरायची म्हणून मी माहेरी गेले होते. जेवणं झाली आणि बाबांनी दादाला, वहिनीला, माझ्या नवऱ्याला बसवून ठेवलं. माझ्याकडे बोट करून म्हणाले, "मले काई झालं, माही बोली गेली, तर माह्याबद्दल ही सांगन. बाकीच्यायनं मधात बोलाचं नाही."

दादा भडकला. त्याचं चूक नव्हतं. बाबांजवळ राहणारा तो, उद्या त्यांचं सगळं करणारा तो, आणि हुकूम मात्र दिल्या घरच्या मुलीचा.

"काहून? मी काय मेलो काय?"

"तू लय भेतं, बावा," बाबा शांतपणे म्हणाले. "अन् भेला का साऱ्यायचं आयकतं."

मी तरी कुठली शूर! पाल दिसली की खुर्चीवर चढणारी बाई मी. पण बाबांनी ऐकून घेतलं नाही. नाकात नळी घालायची नाही आणि हात बांधायचे नाहीत, हे त्यांनी दोनदा बजावलं. खाट चक्कीच्या ओसरीत टाकायची, म्हणजे पट्ट्याचा आवाज कानावर पडेल. दाढी वाढू द्यायची नाही. आणि ठेचा, गिळता नाही आला तरी जिभेला लावायचा. "अन् काईबी कराच्या आंदी मले इचाराचं," ते म्हणाले. बोलता आलं नाही तर ते माझा अंगठा दाबतील. दाबला म्हणजे हो, नाही दाबला म्हणजे नाही. उजव्या हाताने त्यांनी तो दाबूनही दाखवला. मी कळवळले तशी सगळी हसली. मला हसू आलं नाही.

तेव्हापासून फोनवर मी त्यांचं बोलणं नुसतं ऐकायची नाही, तपासायची. जीभ जड तर नाही ना? शब्द अडखळत तर नाहीत ना? जेवलात का, हे मी इतक्यांदा विचारायची की ते वैतागायचे. "किती डाव इचारतं वं?" ते खेकसले की माझा जीव भांड्यात पडायचा.

शेवटी एका दुपारी दादाचा फोन आलाच. "बाबा पडले."

एसटीत मूर्तिजापूर मागे पडलं तरी मी एकच घोकत होते, नळी नाही, नळी नाही. अमरावतीच्या दवाखान्यात पोचले तेव्हा बाबा डोळे उघडे ठेवून पडले होते. तोंड वाकडं झालं होतं आणि उजवी बाजू गेली होती. जो हात आम्ही ठरवला होता, नेमका तोच.

डॉक्टर म्हणाले, "गिळता येत नाही. घोटभर पाणी दिलं तरी फुप्फुसात जाईल. नळी टाकावी लागेल. कोण सांगणार?"

सोयऱ्यांची तोंडं एकदम उघडली. दादा भिंतीला टेकून उभा होता. "तिलेच इचारा," तो म्हणाला, "बाबानं तिले ठेवलं हाय." मग माझ्या कानाशी येऊन हळूच म्हणाला, "टाकू दे ना वं नळी. पाया पडतो तुह्या."

नाही म्हणायला मी तोंड उघडलं होतं. बाबांनी सगळ्यांदेखत सांगितलं होतं ना! पण आधी विचारायचं, हेही त्यांनीच सांगितलं होतं. मी खाटेच्या डाव्या बाजूला गेले आणि त्यांच्या डाव्या हातात अंगठा दिला. काही विचारण्याआधीच त्यांनी तो धरला. तान्हं मूलही हातात आलेलं बोट असंच धरतं. या धरण्यावरून मी काय ठरवू?

"बाबा," मी म्हटलं, "चक्की इकून टाकाची काय?"

हात झटक्यात सुटला. दादाने हुंदका दिला.

मी पुन्हा अंगठा दिला. "बाबा, नाकातून नळी टाकाची काय?"

त्यांनी अंगठा दाबला. दुखेपर्यंत दाबला, आणि सोडेचनात.

डॉक्टरांना मी हो म्हणाले आणि बाहेर बाकावर जाऊन बसले. ते नाही म्हणतील, याची मला खात्री होती. विचारलं नसतं तर?

नळी पुढे निघाली. बाबा घरी आले, खाट ओसरीत पडली, दादा रोज त्यांची दाढी करून जिभेला ठेचा लावू लागला. बोबडं का होईना, बोलणंही परत आलं. एकदा आम्ही दोघंच असताना मी धीर करून विचारलं, "बाबा, तुमीच तर साऱ्यायसमोर नळी नको म्हनलं होतं."

एकेक शब्द जुळवायला त्यांना वेळ लागायचा.

"तवा," ते म्हणाले, "तहान नोती लागली, माय."