गरम झाली की बंद

मी भित्री बाई आहे, हे आधीच सांगून टाकते. पालीला घाबरते, अवेळी फोन वाजला की घाबरते, आणि गाडी चालवायला लागल्यापासून तर घाबरायला मला हक्काची जागाच मिळाली आहे. मोखाड्यात स्कूटी चालवणाऱ्या बायका खूप दिसतील, पण चारचाकी चालवणाऱ्या मोजक्याच, आणि त्यातही चाळिशी उलटल्यावर शिकलेली बहुधा मी एकटीच. हौस म्हणून शिकले नाही. नवऱ्याच्या किडन्या गेल्या, दिवसाआड जव्हारला डायलिसिसला न्यायचं ठरलं, आणि मशीनवरून उठल्यावर ह्यांना चक्कर येते म्हणून स्टिअरिंग माझ्या हातात आलं. एसटी आहे, जीपही भरून जातात, पण अंगातलं सगळं रक्त फिरवून आणलेल्या माणसाला जीपमध्ये चौघांच्या मध्ये चेपून कसं बसवायचं?

गाडी ह्यांचीच. आश्रमशाळेत शिकवत होते तेव्हा घेतलेली, पेट्रोलवरची, तेव्हाही जुनीच होती. नव्या गाड्यांत काय बिघडलं ते मशीन लावून कळतं म्हणतात. आमच्या गाडीला काही होत असलं तर कान लावून, वास घेऊन आणि बहुतेक वेळा अंदाजानं शोधावं लागतं.

एकदा झाड पडून रस्ता बंद झाला होता आणि ह्यांची एक खेप चुकली. पाय सुजले, चेहरा सुजला, आणि दुसऱ्या दिवसापर्यंत छातीत पाणी झालं. आडवं होता येईना. भिंतीला टेकून, उशी पोटाशी धरून हे श्वास घेत होते आणि प्रत्येक श्वासाला आतून बुडबुड आवाज येत होता. मी तो आवाज ऐकला आहे. डॉक्टरांनी नंतर स्पष्टच सांगितलं, खेप चुकवू नका, दर वेळी असं निभावेलच असं नाही. त्यामुळे गाडी बंद पडणं म्हणजे माझ्या डोक्यात तो आवाज, दुसरं काही नाही.

पहिल्यांदा बंद पडली ती भर पावसाळ्यात. त्या सकाळी पाऊस मात्र नव्हता, उघडीप होती, ढग तेवढे रस्त्यावर उतरले होते. मुंबईची माणसं त्या ढगांचे फोटो काढायला शिरपामाळाच्या पठारावर येतात. मी त्या धुक्यात पुढचा रस्ता शोधत असते. चढ संपला, मी उताराच्या वळणाला लागले, आणि इंजिन गेलं. ना झटका, ना खोकला. लाइट गेल्यावर पंखा थांबतो, तसं मुकाट्यानं गेलं. ब्रेक दाबला तर एकदा लागला, दुसऱ्यांदा पेडल दगड झालं, इंजिन गेलं की ब्रेकचा जोरही जातो. मी किंचाळले असणार. ह्यांनी शांतपणे सांगितलं, दोन्ही पाय ब्रेकवर दे, हँडब्रेक हळूहळू ओढ. गाडी कडेच्या मातीत थांबली. पुढे काय होतं ते धुक्यामुळे दिसलं नाही, ते बरंच झालं.

दिवे लागत होते. हॉर्न वाजत होता. चावी फिरवली की स्टार्टर जोरात फिरत होता, म्हणजे बॅटरी जिवंत होती. पण इंजिन काही पकडेना. मागून एखादा ट्रक आला तर त्याला आम्ही दिसणार नाही, म्हणून मी वळणाच्या मागे जाऊन छत्री हलवत उभी राहिले. हे गाडीतच बसून होते. बऱ्याच वेळानं मी परत येऊन चावी फिरवली, तर गाडी पटकन चालू झाली, जणू काही झालंच नव्हतं.

जव्हारला डेपोच्या पुढे एक गॅरेज आहे. तिथला मेकॅनिक जामसरकडचा, तोंडानं फटकळ, कामाला बरा. त्यानं बॉनेट उघडलं आणि पहिल्यांदा ह्यांचंच कौतुक केलं. आमच्याकडे पावसाआधी सगळं बांधून घ्यायची रीत आहे. सरपण, पेंढा, मोटरसायकलची सीट, घराबाहेरचा मीटर, जे भिजेल ते प्लॅस्टिकात. गाडीसुद्धा त्यातून सुटत नाही. बॉनेटखाली जिथं वायर जाते तिथं काही ना काही गुंडाळलेलं असतं, आणि तसं नसलं तर मेकॅनिकच मालकाला बोलतो. ह्यांचा त्यात हात बसलेला. या वर्षी हातात ताकद नव्हती तरी अंगणात खुर्ची टाकून, जुना रेनकोट कापून, सुतळीनं एकेक भाग बांधत बसले होते. तुला पावसात चालवायची आहे, म्हणाले होते.

मेकॅनिकला बॅटरीच्या टोकांवर पांढरा-हिरवा थर दिसला. तो खरवडून त्यानं टोकं घट्ट केली आणि निदान झालं असं जाहीर केलं. चार-दोन खेपा पावसात छान गेल्या. मी देवाला नारळ फोडायचं मनात आणलं आणि दुसऱ्या दिवशी ऊन पडलं. गाडी त्याच वळणाच्या अलीकडे बंद. मग त्यानं इंजिनाला जोडलेली अर्थची वायर बदलली. पुन्हा पाऊस, पुन्हा सगळं ठीक, पुन्हा उघडीप आणि पुन्हा मी छत्री घेऊन वळणावर. तिसऱ्यांदा प्लग बदलले. दर वेळी गाडी त्याच्या दारात मात्र शहाण्या मुलासारखी चालायची.

पावसात चालते आणि उन्हात बंद पडते, हे मी त्याला सांगितलं. जुन्या गाड्या पावसात बंद पडतात, तुमचं उलटं कसं असेल, असं म्हणून त्यानं ते झटकून टाकलं. मी भांडले. खूप भांडले. तुझ्या निदानाच्या भरवशावर मी आजारी माणसाला घेऊन त्या उतारावरून जाते, एवढं तरी लक्षात ठेव, असं म्हटलं. तोही चिडला.

"चालू गाडीत मी काय बघू, मॅडम? माझे पुढं बंद पडू द्या, मंग सांगतो."

म्हणून एका स्वच्छ उन्हाच्या सकाळी ह्यांना मशीनला लावलं आणि मी मेकॅनिकला गाडीत घालून घाटाकडे निघाले. तो मागच्या सीटवर पक्कड आणि टेस्टर मांडीवर घेऊन बसला होता. आयुष्यात पहिल्यांदा मी गाडी बंद पडावी म्हणून जीव मुठीत धरून वाट बघत होते. पडली तर ब्रेक जाणार. नाही पडली तर परवा ह्यांना घेऊन पुन्हा हीच भीती. चढ चढलो, उतरलो, काही नाही. वळवून परत चढलो. माझ्या पाठीला घामानं पदर चिकटला होता. माथ्यावर आलो आणि इंजिन गेलं.

मी दोन्ही पाय ब्रेकवर टाकले. मागून येणारा एक टेम्पो हॉर्न ठोकत इतका जवळून गेला की आरसा दुमडला. मेकॅनिक खाली उतरला तेव्हा त्याचाही चेहरा उतरला होता, हे बघून मला जरा बरं वाटलं. त्यानं प्लगला जाणारी जाडी वायर काढून इंजिनाच्या लोखंडाजवळ धरली आणि मला चावी फिरवायला सांगितली. ठिणगी येत नव्हती. मग जिथून ती ठिणगी तयार होऊन येते त्या कॉइलवर त्यानं हात ठेवला आणि शिवी देऊन मागे घेतला.

कॉइल म्हणजे एक डबी असते, पेल्याएवढी. आत विजेचं काम चालतं म्हणून ती मुळातच गरम होते आणि वारा लागला तरच थंड राहते. आमच्या कॉइलला रेनकोटचे तीन पदर होते, वरून सुतळी. पावसात बाहेरचं पाणी तिला थोडं निववत होतं. उन्हात चढावर ती आतल्या आत शिजत होती आणि काम सोडत होती. मेकॅनिकनं ब्लेडनं ते सगळं कापलं. जळक्या प्लॅस्टिकचा वास आला. डबीच्या बुडाशी तेल पाझरलेलं होतं.

त्यानं तो कापलेला रेनकोट हातात उलटसुलट करून बघितला. मग म्हणाला, "दर टायमाला बघत होतो ना मी हे. बरा बांधलाय, म्हनत होतो. आपल्याकडं समद्यांच्याच गाडीला असतंय."

 मीही ते रोज बघतच होते. कॉइल थंड झाल्यावर गाडी चालू झाली. गॅरेजमध्ये त्यानं नवी कॉइल बसवली, उघडीच ठेवली, आणि हवा लागू द्या, असं मला दोनदा बजावलं.

मी पोहोचले तेव्हा हे बाहेरच्या बाकावर बसून होते, दंडावरचा कापूस दुसऱ्या हातानं दाबून धरलेला. उशीर का झाला, विचारलं. रेनकोटचं सांगावं की नाही, याचा मी वाटभर विचार केला होता. शेवटी गाडीत बसल्यावर सांगून टाकलं. मला वाटलं होतं, ह्यांना लागेल. मला जपायला म्हणून केलं आणि त्याच बांधणीनं मला त्या वळणांवर नेऊन उभं केलं. पण हे नुसतेच म्हणाले, म्हणजे माझ्यामुळे होतं तर. 

ते वळण आलं. माझे पाय आपोआप ताठ झाले. गाडी एका लयीत वळणावरून गेली, उतार संपला, नागलीची शेतं लागली. मी सुटकेचा निःश्वास टाकला आणि ह्यांच्याकडे बघितलं. हे खिडकीबाहेर बघत होते.

"आता बंद पडणार नाही, नाही का?" त्यांनी विचारलं.

नाही पडणार, मी आनंदानं सांगितलं.

"बंद पडायची ना, तेव्हा मला बरं वाटायचं," ते म्हणाले. "वाटायचं, आज नाही चालू झाली तर बरं. आज सुई नको. उद्याही नको."

मी गाडी कडेला घेतली.  इतक्या दिवसांत ट्रकला घाबरले, धुक्याला घाबरले, दगड झालेल्या पेडलला घाबरले, पण अशी भीती वाटली नव्हती. मी वळणावर उभी असताना हा माणूस गाडीत शांत बसलाय, आपल्याला धीर देतोय, असं मला वाटत होतं.

"आणि मी?" एवढंच मला विचारता आलं.

 त्यांनी कापूस काढून बघितला, रक्त थांबलं होतं. "तू धावत परत यायचीस, चावी फिरवायचीस," ते म्हणाले. "तेव्हा तुझा चेहरा बघून वाटायचं, होऊ दे चालू."

मी रडले, ते काही लपवत नाही. मग आम्ही घरी आलो आणि मी भात लावला.

त्यानंतर गाडी एकदाही बंद पडलेली नाही. दिवसाआड सकाळी मी चावी घेऊन दारात उभी राहते, आणि हे पायात चपला घालेपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नसतो.