उपरण्याखालचे सौदे

त्या दिवशी मुंबईहून तार आली, कापसाचा भाव पडला आणि संध्याकाळी माझा थोरला भाऊ, दादा, वारला.

परळीच्या बाजारात पुढच्या महिन्यांच्या कापसाचे सौदे हातांवर उपरणे टाकून, त्याखाली एकमेकांची बोटे धरून होत. दलाल भाव तेवढा ओरडून सांगे. दादानेच मला शिकवले होते की ओरड्यावर जाऊ नये, हातांवर उपरणी किती पडतात ते बघावे. भाव चढतो आणि उपरणीही वाढतात, तेव्हा घेणारे खरे असतात.

तार येण्याआधीच्या आठवड्यात भाव रोज चढत होता, पण उपरणी खांद्यांवरच राहत होती. घेत होता तो एकटा दादा. घरातला सगळा पैसा त्याने त्यात घातला होता.

"दादा, सौदे कुठं हायत? नुसता ओरडा हाय," मी म्हणालो.

तो हसला. "शाळंत जाऊन लई भित्रा झालास बे. जा, पुस्तक वाच."

बोलताना तो मात्र माझ्याकडे नाही, लोकांच्या खांद्यांकडे बघत होता. उपरणी त्यानेही पाहिली होती. आता विकायचे म्हटले तरी घेणारा कोणी नव्हता, हे त्याला माझ्याआधी कळले होते. मग मी जास्तच घाबरलो.

त्याचे उपरणे माझ्याकडे आहे. बाजारात मी जात नाही.