मागच्या एक्सलचा लॉकर

माझे वडील न्हावऱ्यात एका बागायतदाराच्या घरी अठरा वर्षं जीप चालवत होते. आम्ही त्यांना आप्पा म्हणतो. ऊसतोडीची माणसं आणणं, दूध डेअरीला पोचवणं, मालकांना बैठकीला सोडणं, घरातल्या बायकांना दवाखान्यात नेणं, सगळं त्या जीपवर. अठरा वर्षांत गाडीला ओरखडासुद्धा आला नाही असं गावातली माणसं सांगायची. आप्पा स्वतः कधी बोलले नाहीत.

मी अकरा वर्षांची असताना एका रविवारी मालकांचा मुलगा मित्रांना घेऊन दौंडकडं भीमेच्या पात्रात मासे भाजायला निघाला. सगळे त्याला धाकटे मालक म्हणत. मी त्याला नुसतं ‘तो’ म्हणते. शाळेला सुट्टी होती म्हणून आप्पांनी मला पुढं आपल्याजवळ बसवून घेतलं. नदीवर पोचल्यावर त्यानं चावी मागितली. पाणी ओसरलं होतं, पण वाळू उपसणाऱ्यांनी पात्रात खड्डे करून ठेवले होते आणि त्यांत गाळ साचला होता. आप्पा म्हणाले, इथनं नको, वरच्या अंगानं जाऊ. त्यानं ऐकलं नाही. मला खाली उतरवलं, आप्पांना मागं बसवलं आणि गाडी सरळ गाळात घातली.

मागचं एक चाक गरगरत राहिलं, दुसरं जागचं हललं नाही. तो रेस देतच राहिला. आप्पांनी उतरून हातानं गाळ उपसला, मग मागून खांदा लावला. ते फिरणारं चाक त्यांच्या तोंडावर चिखल मारत होतं आणि काठावर मित्र हसत होते. शेवटी क्लच जळल्याचा वास सुटला.

संध्याकाळी ट्रॅक्टरनं जीप ओढून आणली. थोरल्या मालकांनी अंगणातच विचारलं, गाडी कोण चालवत होतं? तो म्हणाला, "ड्रायव्हर." मी आप्पांचं बोट धरून उभी होते. आप्पा काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी कामावर येऊ नका म्हणून निरोप आला. त्यानंतर आप्पा दुसऱ्यांच्या कांद्याच्या वावरात रोजानं गेले. भीमेत जीपचा क्लच जाळला तो यानंच, असं पंचक्रोशीत झालं होतं. त्यांच्या हातात पुन्हा कुणी गाडी दिली नाही.

राग धरून ठेवला की आपलंच रक्त आटतं, असं म्हणतात. माझं आटलं नाही. त्याच रागावर मी आयटीआय केलं, रांजणगावला गिअरच्या कारखान्यात लागले आणि आता तिथंच तपासणीला आहे. गिअरचे दात तपासणं हे माझं काम. पहिल्यांदा डिफरन्शियलचे गिअर माझ्या टेबलावर आले तेव्हा मला कळलं की त्या दिवशी आप्पांच्या तोंडावर चिखल का उडाला. वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त अंतर जावं लागतं, म्हणून दोन चाकांना वेगवेगळं फिरू देणारी ती रचना. रस्त्यावर ती हवीच. पण एक चाक गाळात मोकळं झालं, की तेच फिरत बसतं आणि पक्क्या जमिनीवरचं चाक नुसतं उभं राहतं. एवढं तरी त्याला कळत असतं तर तो रेस देत बसला नसता. आप्पांना ते कळत होतं, म्हणून ते वरच्या अंगानं चला म्हणत होते.

दोन वर्षांपूर्वी कंपनीच्या बसमध्ये शेजारणीनं मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवला. दौंडजवळ दर हिवाळ्यात फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना इंजिनचा जोर मिळणाऱ्या गाड्यांचा मेळावा भरतो आणि तो मेळावा आता भरवत होता तो, मालकांचा मुलगा. पोट सुटलेलं, डोळ्यांवर काळा चष्मा, मागं नवी कोरी मोठी गाडी. गाळात गाडी कशी चालवायची हे तो लोकांना शिकवत होता. मी तो व्हिडिओ रांजणगाव येईपर्यंत तीनदा पाहिला. पुढच्या महिन्यात एक जुनी फोर बाय फोर जीप घेतली. लग्नकार्यात सगळ्यांना बसून जाता येईल, असं घरात सांगितलं.

दौंडला रेल्वे लाइनीपलीकडं एक वयस्क मिस्त्री आहेत. मी त्यांना मामा म्हणते. त्यांच्याकडं जीप नेली आणि सांगितलं, भीमेच्या गाळातनं न थांबता निघाली पाहिजे.

मामांनी आधी मला घाई करू दिली नाही. डिफरन्शियलचा लिमिटेड स्लिप नावाचा एक प्रकार असतो, त्यात क्लचच्या चकत्या असतात. एक चाक घसरायला लागलं की त्या दोन्ही चाकांचे दांडे थोडे एकमेकांना आवळून धरतात. मला तो आवडला होता, कारण रस्त्यावर त्याचा काही त्रास नाही. मामा म्हणाले, पावसाळी रस्त्याला चांगला, पण एक चाक हवेत लटकलं की याचा जीव जातो. शिवाय चकत्या झिजतात. मग आपोआप लॉक होणारा प्रकार. त्याला बटण लागत नाही, जोर पडला की दोन्ही चाकं एक होतात आणि वळणावर सुटतात. पण सुटताना खाडखाड वाजतं आणि ओल्या डांबरावर गाडीचं मागचं अंग झोला खातं. मला रोज याच जीपनं कारखान्यात जायचं होतं. काहीजण सरळ आतले गिअर वेल्डिंग करून टाकतात. ते मामांनी हातात घ्यायलाच नकार दिला. वळणावर टायर घासतात, एक्सल तुटतो, असं काम माझ्या गॅरेजातनं बाहेर जाणार नाही म्हणाले.

उरला हवेवर चालणारा लॉकर. एक छोटा कॉम्प्रेसर बसवायचा, नळी मागच्या डिफरन्शियलच्या हौसिंगमध्ये, म्हणजे कवचात न्यायची. बटण बंद असेल तर गाडी चारचौघांसारखी. दाबलं की हवा आत जाते आणि दोन्ही चाकं एकत्रच फिरतात. खरं सांगायचं तर तिथंच माझं ठरलं. गरज पडेपर्यंत आत काय आहे हे बाहेरून कुणाला कळणार नव्हतं.

मला पुढच्या एक्सललाही लॉकर बसवायचा होता. मामा म्हणाले, "पुढचा दाबलास की स्टेअरिंग दगडागत व्हतं. चाक वळवून जोर दिला तर पुढचा एक्सल मोडंल. आधी मागचा बसव, त्यो चालवायला शीक." मग हात पुसत त्यांनी विचारलं, "कुणाला दावायचंय?"

मी सगळं सांगितलं.  मामांनी एक्सलचा दांडा ओढून काढला आणि टोकावरचे दात दोनदा मोजले.

तरीही पहिला आलेला लॉकर चुकीचा निघाला, त्याचे आतले दात आमच्या एक्सलशी जुळत नव्हते. तो परत पाठवण्यात दोन महिने गेले. दुसरा आला तेव्हा मी सुट्टी टाकली. दातांना रंग लावून कुठं कुठं टेकतात ते स्वतः पाहिलं, दातांमधली ढिलाई स्वतः मोजली. कारखान्यात मी इतक्या प्रेमानं कधी काम केलेलं नाही. नंतर वर्षभर, सुट्टी मिळाली की घोड नदीच्या कडेला वेड्या बाभळींच्या रानात चढउतारावर जीप घालून शिकले.

गेल्या हिवाळ्यात मेळाव्याला नाव दिलं. मी आप्पांना म्हणाले, दौंडला जाऊन येऊ. कुठं ते सांगितलं नाही. तिथं पोचल्यावर गाड्या आणि माणसं पाहून त्यांना कळलं. ते खाली उतरले नाहीत, सीटवर हात गुडघ्यांवर ठेवून बसून राहिले.

शेवटचा टप्पा नदीला मिळणाऱ्या ओढ्यातला होता. उतार, तळाला गाळ, आणि चढावर एकाआड एक असे दोन्ही बाजूंना खड्डे. माझा नंबर आधी लागला. चढावर मागचं डावं चाक उचललं गेलं आणि मोकळं फिरायला लागलं. मी बटण दाबलं, कॉम्प्रेसरची फुस्स झाली आणि जीप सावकाश, न ओरडता वर गेली. आप्पा एवढंच म्हणाले, "रेस कमी दिलीस, बरं केलंस."

माझ्या मागं तो होता. त्याच्या गाडीत घसरणाऱ्या चाकाला आपोआप ब्रेक लावणारी यंत्रणा होती. दोन-चार झटके तिनं निभावले, मग ब्रेक तापले आणि ती यंत्रणाच बंद पडली. लांबलचक गाडी पोटावर टेकली. मागं निसरडा उतार होता, तिकडून काढता येईना. ट्रॅक्टर लांब होता. वरच्या काठावर माझी एकटीची जीप, आणि पलीकडं तीस-चाळीस माणसं मोबाइल वर धरून.

तो खाली उतरला, पोटऱ्यांपर्यंत गाळात. "मॅडम, जरा दोर लावता का?"

मी दोर घेऊन खाली गेले. त्याच्यापासून चार हातांवर थांबले. "लावते. आधी एक सांगा. न्हावऱ्याच्या जीपचा क्लच भीमेत जळला, तेव्हा स्टेअरिंगवर कोण होतं?"

तो हसला. मग त्यानं माझ्याकडं नीट पाहिलं, वर जीपमध्ये बसलेल्या आप्पांकडं पाहिलं, आणि हसू गेलं.

"लई जुनं झालं आता त्ये," तो म्हणाला.

"तुम्हाला जुनं झालं."

तो घाम पुसत राहिला. पलीकडून कुणीतरी काय झालं म्हणून विचारत होतं. वरून आप्पा म्हणाले, "पोरी, सोड. लाव दोर." मी वळूनसुद्धा पाहिलं नाही.

"मी व्हतो," तो शेवटी म्हणाला, अगदी हळू.

"पलीकडं ऐकू गेलं नाही."

त्याची मान लाल झाली होती. तो काठाकडं वळला आणि मोठ्यानं म्हणाला, "त्या दिवशी गाडी मी चालवत व्हतो. ड्रायव्हर न्हाई." पलीकडच्या बऱ्याच जणांना तो काय बोलतोय हे समजलं नसेल. पण न्हावऱ्याची पाच-सहा माणसं त्यात होती आणि त्यांनी मोबाइल खाली घेतले.

मी दोर लावला, लॉकर दाबला आणि त्याला ओढलं. लवकर ओढता आलं असतं. मी मुद्दाम हळू ओढलं.

परतताना आप्पा म्हणाले, "मी तवा गप बसलो, कारण तू हात धरून हुतीस. त्यो तुझ्यासमोर मला काय बोलला असता तर तू त्येच ध्यानात ठिवलं असतंस. मला ह्ये कुणाकडनं वदवून घ्यायचं न्हवतं."

"तुमच्यासाठी नाही केलं आप्पा. माझ्यासाठी केलं."

त्यांनी तीन दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलणं ठेवलं. चौथ्या दिवशी ते चहाच्या टपरीवरून आले, आणि आईला सांगताना मी बाहेरून ऐकलं. त्यांच्या बरोबरीच्या एकानं विचारलं होतं, म्हंजी तुमी न्हवता व्हय? आप्पांनी ते वाक्य आईला दोनदा सांगितलं. मग भाकरी जास्त वाढ म्हणाले.

मला पश्चात्ताप झालेला नाही. पुष्कळ वाट पाहिली, होतच नाही.

गेल्या महिन्यात त्यानं कुणाकडून तरी माझा नंबर मिळवला. मेसेज आला: ताई, मागच्या एक्सलला लॉकर कुठला बसवलाय आणि कुणाकडून? क्षणभर मनात आलं, आपोआप लॉक होणारा पुढच्या एक्सलला बसवा म्हणून सांगावं, म्हणजे प्रत्येक वळणावर स्टेअरिंग हात पिळील. पण चुकीचा पार्ट सुचवणं माझ्या हातून होत नाही. बरोबर सांगणंही होत नाही. मेसेज मी वाचलाय हे त्याला दिसतंय. उत्तर दिलेलं नाही.