पाचाचे आठ

राजापेठेतल्या त्या मुलींच्या शाळेत आजारी मुलींसाठी एक खोली होती. लोखंडी खाट, कपाट, भिंतीवर दात घासण्याचं चित्र. वर्षातून दोनदा आरोग्य तपासणीची गाडी यायची तेव्हा डॉक्टर तिथे बसायचे. उरलेले दिवस खोली जमुनाबाईंची. हुद्दा शिपायाचा. घंटा, पाणी, झाडू. आणि पोट दुखलं, ठेच लागली की मुली त्यांच्याचकडे. जमुनाबाईंच्या हाताला ताप अर्ध्या डिग्रीपर्यंत कळतो, असं मुख्याध्यापक पाहुण्यांना कौतुकानं सांगायचे. जमुनाबाई तेव्हा खाली बघायच्या. आपला हात किती चुकतो, हे त्यांना ठाऊक होतं.

त्यांचे मालक किसनराव मोझरीजवळच्या गावात शेती करायचे. त्यांना शुगर होती. सहा वर्षं जमुनाबाईंनी घरातला गूळ गव्हाच्या कोठीत लपवला. शेवटच्या पोळ्याला, पायाची जखम काळी पडलेली असताना, किसनराव म्हणाले, "एक घास दे वं. काय होते एका घासानं?" त्यांनी चतकोर पुरणपोळी भरवली. चौथ्या दिवशी अकोल्याच्या दवाखान्यात ते गेले. जखमेचं विष रक्तात भिनलं, घासाचा काही संबंध नाही, असं डॉक्टरांनी समजावलं. जमुनाबाईंनी मान हलवली. पटलं नाही. तो घास घ्यायला उघडलेलं तोंड त्यांना अजून दिसायचं, भाकरी थापताना, घंटा देताना, केव्हाही.

म्हणून जूनमध्ये सीमा नावाची बाई आपल्या सहावीतल्या मुलीला खोलीत घेऊन आली आणि म्हणाली, "मावशी, हिले शुगर हाय," तेव्हा जमुनाबाई खाटेवर बसल्याच. पोर अकरा वर्षांची. नाव रागिणी. समोरचा एक दात किंचित तिरपा.

"लेकराले कशी होईन वं शुगर?"

"होते. मोठ्या मानसायची येगळी, हिची येगळी," सीमा म्हणाली. ती नांदगाव पेठेत कापडाच्या कारखान्यात शिलाईवर होती. बोलणंही टाके घालावेत तसं. "हिच्या आंगात इन्सुलिन बनतच नाई. म्हणून जेवणाआधी हे पेन टोचा लागते. शुगर वाढली तं आपल्यापाशी वेळ रायते. उतरली तं रायत नाई. घाम आला, हात थरथरले, येड्यावानी बोलाले लागली, का आधी साखर द्या. मंग मले फोन. हे शुगर मोजाचं मशीन अन् ग्लुकोजचा डबा इथंच खोलीत ठेवा. बेशुद्ध असली तं तोंडात काईच टाकू नका, सिधा दवाखाना."

"शुगर हाय, अन् साखर द्याची?"

"हो, मावशी."

जमुनाबाईंनी ते पाठ केलं. समजलं असं त्या कधीच म्हणाल्या नाहीत.

रोज मधल्या सुट्टीत रागिणी यायची. पेनाचं मागचं चाक फिरवलं की एका युनिटला एक टक व्हायची. आकडा इतका बारीक की जमुनाबाईंना चष्म्यातूनही दिसत नसे. त्या कानानं मोजायच्या. टक, टक, टक, टक, टक. पाच. मग पोर पोटाला सुई लावायची आणि जमुनाबाई भिंतीवरच्या दातांकडे बघायच्या. शाळा सुटेपर्यंत त्या दर तासाला सहावीच्या खिडकीवरून जायच्या. कधी हातात झाडू घेऊन, कधी नुसत्याच.

"तुह्यी मावशी पहारा देऊन राहिली वं," मुली रागिणीला चिडवायच्या.

कोजागिरीच्या आधी शाळेत भुलाबाई बसल्या. रोज दुपारी मुली फेर धरून गाणी म्हणायच्या आणि शेवटी झाकलेल्या डब्यातली खिरापत ओळखायच्या. त्या दिवशी खिरापतीची पाळी सहावीच्या तारा मॅडमची होती.

मधल्या सुट्टीत रागिणी घाईत आली. चाक फिरलं. जमुनाबाईंनी पाच मोजले. चाक थांबलं नाही. सहा. सात. आठ.

"आठ झाले वं."

"आईनं सांगतलं. आज खिरापत खाची हाय नं. गोड जास्त, तं हे जास्त." सुई लागलीसुद्धा. डब्यातली पोळी अर्धी खाऊन ती पळाली.

जमुनाबाईंनी सीमाला फोन लावला. बंद. कारखान्यात कामाच्या वेळी मोबाईल गेटवर जमा करतात, हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. पुन्हा लावला. बंद. आईनंच सांगितलं असेल, अशी मनाची समजूत घालून त्या पाण्याच्या टाकीकडे गेल्या. समजूत काही बसली नाही. त्यांनी पाणी भरलं.

तासाभरानं त्या खिरापतीचा डबा घासायला न्यायला आल्या. फेर मोडला होता. तळाशी चार बत्तासे उरले होते. तेवढ्यात दीक्षा धावत आली, रागिणीच्या बाकावरची.

"मावशी, रागिणी टाकीमागं बसली. मले शिव्या देऊन राहिली."

रागिणी कधी कोणाला शिवी देत नसे.

ती भिंतीला टेकून बसली होती. गणवेशाची कॉलर घामानं ओली. मुठीत एक नवीकोरी पेन्सिल, टोक न काढलेली. "जा ना," ती म्हणाली. जीभ जड झाली होती. "कोन हायेस तू?"

मागून तारा मॅडम आल्या. "काही देऊ नका, जमुनाबाई. शुगर आहे तिला. वाढली असणार."

"मॅडम, तिनं बत्तासे खाल्ले?"

"एकही नाही. मी दिलाच नाही. खिरापत पहिल्यांदा तिनंच ओळखली, म्हणून पेन्सिल दिली." मॅडमनी हे मायेनं केलं होतं. आवाजातच ते कळत होतं.

आठ टक आणि एकही बत्तासा नाही.

जमुनाबाईंच्या हातात डबा होता, डब्यात साखरच होती, आणि बोटं आत जाईनात. किसनरावांचं तोंड त्यांच्यापुढे उघडलं. एका घासानं काय होते. या पोरीचं काही झालं तर तोही आपल्याच हातचा घास.

"दीक्षा, खोलीतला ग्लुकोजचा डबा आन. अन् मशीन." मग मॅडमकडे न बघता म्हणाल्या, "तुमी दवाखान्याची गाडी बलवा. मी हे देतो."

"काही झालं तर जबाबदारी तुमची राहील."

"माह्यीच हाय."

त्यांनी बत्तासा चुरून रागिणीच्या गालात ठेवला. "गिळ वं बाई. गिळतं का नाई, दाखव मले." गळा हलला. दुसरा चुरला. गळा हलला. पण डोळे तसेच, कोणाचेच नसलेले. मॅडम फोनवर शाळेचा पत्ता सांगत होत्या. जमुनाबाईंनी पोरीचा हात धरला.

दीक्षानं मशीन आणलं. पट्टीवर रक्ताचा थेंब लागला. मॅडमनी आकडा वाचला आणि पुन्हा वाचला. "अठ्ठेचाळीस. हे तर खूप कमी आहे." मग त्यांनीच खाली बसून पाण्यात ग्लुकोज कालवलं. चमचा भांड्यावर वाजत राहिला.

घोट घोट ते पाणी गेलं. जमुनाबाई मोकळा डबा वाजवत विचारत राहिल्या, "खिरापत कशाची? सांग नं वं. कशाची?" बऱ्याच वेळानं उत्तर आलं, चिडून.

"बत्तासे. मी आधीच सांगतलं होतं."

तेव्हा कुठे जमुनाबाईंना रडू आलं.

गाडी येईपर्यंत आकडा ब्याऐंशीवर आला. आठ टकांचं इन्सुलिन अजून अंगात होतं, म्हणून पोरीला दवाखान्यात नेलंच. सीमा तिथे चार वाजता पोचली.

"आठ झाले तवा मी आयकले," जमुनाबाई म्हणाल्या. "तुमी सांगतलं म्हनाली."

"मी नाई सांगतलं. तिच्याच डोक्याचा हिशोब." "मावशी, तुमी मशीन काहून नाई लावलं तवाच?"

उत्तराची वाट न बघता सीमानं जमुनाबाईंच्या हातून मोबाईल घेतला आणि त्यात कारखान्याच्या गेटवरचा नंबर घातला. रागावली की नाही, ते शेवटपर्यंत कळलं नाही.

चार दिवसांनी रागिणी शाळेत आली. मधल्या सुट्टीच्या आधी तारा मॅडम स्वतः खोलीत आल्या, वाटीत खिरापत झाकून. जमुनाबाईंनी वाटी घेऊन पोरीच्या मांडीवर ठेवली. आधी खिरापत पोरीजवळ, मग पेन. हा नियम त्यांनी स्वतःच केला होता. किती टोचायचं ते सीमानं गेटवरून फोनवर सांगितलं. सहा.

चाक फिरलं. जमुनाबाईंनी मोठ्यानं मोजलं. सहा झाल्यावर त्यांनी पोरीचं मनगट धरलं.

"मावशी, सोडा ना. सुई कशी लावू?"

"लाव," त्या म्हणाल्या. हात सुटायला जरा वेळ लागला.