बटाट्याचे झटके

हसणार नसाल तर सांगते. नाही, हसणारच तुम्ही, मला माहीत आहे. तरीपण आधी चहा घ्या, कारण मधेच ठसका लागला तर जबाबदारी माझी नाही.

मी बी.एस्सी. झाले आहे. विषय? प्राणिशास्त्र! हे आत्ताच सांगून ठेवते, म्हणजे पुढची फजिती किती खोल आहे ते तुम्हाला कळेल.

आमच्या तनूकडे तेव्हा एक गिनिपिग होता. तनू दुसरीत. नवऱ्याच्या इचलकरंजीच्या मित्राने वाढदिवसाला दिलेला. गोल, तपकिरी, शेपूट नाही, मान नाही, त्यामुळे नाव आपोआप पडलं : बटाट्या. कसबा बावड्यात आमच्या गल्लीने असलं जनावर आयुष्यात पाहिलेलं नव्हतं. शेजारच्या शेवंताआक्का, ज्यांच्या गोठ्यात चार धिप्पाड म्हशी, त्या पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "ह्यो उंदीर इकत घेतला व्हय? आमच्या गोठ्यात फुकट हाईत की!"

तर या बटाट्याच्या डोळ्यात वाळक्या गवताची काडी घुसली. डोळा सुजला, पांढरा पडला. जनावरांच्या डॉक्टरांनी तपासलं आणि सांगितलं, डोळा काढावा लागेल. तनूने जो टाहो फोडला! ऑपरेशन झालं, डोळ्याच्या जागी बारीक टाके आले. बटाट्याला टॉवेलात गुंडाळून माझ्या हातात देताना डॉक्टर म्हणाले, "ताई, ऑपरेशन झक्कास झालंय. पण हा खायला लागला पाहिजे. ही जात खायची थांबली की आतडं थांबतं, मग माझ्या हातात काही नाही. आणि झटके आले तर तडक घेऊन या."

झटके! बस्स, तेवढा एकच शब्द मी घरी घेऊन आले. बटाट्या शिंकला, झटका? कान हलवला, झटका? तनू विचारायची, "आई, बटाट्या मरणार नाही ना?" आणि मी ठामपणे "नाही गं" म्हणून बाथरूममध्ये जाऊन डोळे पुसायची. पोरीला खोटं तर सांगत नाही ना मी?

बरं, मी काळजीही काय घ्यावी! गवताने डोळा गेला ना? मग खोक्यातलं गवत बंद! सगळं! वाळकं, ओलं, हिरवं, काडी म्हणून दिसली नाही पाहिजे. उरलेला एक डोळा मी प्राणपणाने जपणार होते. त्याऐवजी काकडीचा कीस, गाजराचा लगदा, बिनसुईच्या सिरिंजने तोंडात. बटाट्या गिळायचा थोडं, बाकी माझ्या साडीवर फुर्रर्र! आणि मग कोपऱ्यात तोंड करून बसायचा. दिवसेंदिवस मलूल.

शेवंताआक्का दारातून बघायच्या. "काय गं, बाळंतिणीचंबी एवढं करत न्हाईत."

"आक्का, तो खात नाही हो."

"खाईल की! जनावर हाय त्ये. तुझा लगदा खाऊन म्हसबी हाय खाईल!"

आता खरी गोष्ट. शनिवार होता, तनूची सकाळची शाळा सुटलेली. मी आत गाजर किसत होते. बाहेर आक्का आल्या, तनूशी काहीतरी गुलुगुलु बोलल्या. मी वाटी घेऊन बाहेर आले आणि बघते तर काय! बटाट्या खोक्यात जागच्या जागी टणकन उडाला! चारी पाय हवेत, मान एकीकडे, ढुंगण दुसरीकडे! खाली आला, परत टण्! परत टण्!

माझ्या हातातली वाटी गेली. "झटके! आक्का, झटके आले!"

आक्कांनीही असलं कधी पाहिलेलं नव्हतं. म्हैस काही अशी उडत नाही. त्या ओरडल्या, "आगं बया, फीट हाय ही! चप्पल आन! हुंगव त्येला चप्पल!"

आता तुम्हीच सांगा, प्राणिशास्त्र शिकलेल्या बाईने काय करावं? ही बाई धावत गेली आणि नवऱ्याची कोरी करकरीत कोल्हापुरी घेऊन आली! नवीन कातड्याचा वास असा की माणूससुद्धा बेशुद्ध पडावा. ती मी टाके पडलेल्या, दीड वितीच्या जनावराच्या नाकाला लावली. बटाट्या गप्प. एकदम स्तब्ध.

"बघ, उतरली!" आक्का म्हणाल्या. "पर काढू नगंस, परत यील."

झालं! टोपलीत बटाट्या, बटाट्यापुढे चप्पल, चप्पल धरायला आक्का, रडायला तनू. कोपऱ्यावर रिक्षा मिळाली.

"कुठला दवाखाना, वैनी?"

"जनावरांचा! लवकर!"

रिक्षावाल्याने आम्हा तिघींकडे नीट बघून घेतलं. "पेशंट कोन म्हनायचा?"

"गप गाडी हाण की!" आक्का कडाडल्या.

दवाखान्यात गडमुडशिंगी गावचे एक पाहुणे (आमच्याकडे अनोळखी माणूसही पाहुणाच) म्हैस आणि हिरव्यागार घासाचा भारा घेऊन उभे. मी सरळ आत घुसले. मागून आवाज आला, "सकाळधरनं म्हस घिऊन हुबा हाय, आनि हितं उंदराला पैला नंबर?"

डॉक्टरांनी टोपलीत पाहिलं. मग म्हणाले, "ही चप्पल कुणाची?"

"यांची. म्हणजे मिस्टरांची. झटके आले म्हणून..."

"आणि हिचा गोंडा कुणी खाल्ला?"

मी पाहिलं. गोंडा अर्धा गायब! बटाट्या शांतपणे उरलेला कुरतडत होता.

डॉक्टरांनी चप्पल दोन बोटांनी उचलून बाजूला ठेवली. "ताई, याला गवत देताय ना?"

"छे! एक काडी नाही दिली," मी अभिमानाने म्हणाले.

त्यांनी कपाळाला हात लावला. तेवढ्यात तनू हुंदके देत म्हणाली, "मी दिलं. आक्कांनी गोठ्यातला मऊ घास आणला होता. त्याने सगळा खाल्ला. मग झटके आले!"

डॉक्टर बाहेर गेले, पाहुण्यांच्या भाऱ्यातून मूठभर कोवळा घास घेऊन आले आणि बटाट्यापुढे टाकला. कुर्र कुर्र कुर्र! बटाट्या असा तुटून पडला की पानं नुसती आत खेचली जात होती. आणि मग... टण्!

"बघा! बघा! झटका!" मी किंचाळले.

"अहो ताई, नाचतोय तो! हे गडी खुशीत आले की असेच उडतात. इतके दिवस उपाशी ठेवलंत, आज जेवायला मिळालं, नाचेल नाही तर काय करेल?"

बाहेरून पाहुण्यांनी विचारलं, "डाक्टर, म्हशीला बी हुंगवू का चप्पल?"

जमीन दुभंगावी असं वाटलं. पण खरं सांगू? त्या क्षणी लाज वगैरे सगळी मागे पडली. डॉक्टरांनी टाके पाहिले, जखम सुकत होती. पोट चाचपलं, चालू होतं. म्हणाले, "वाचला हा. मऊ गवत द्या, आणि तुम्ही जरा कमी काळजी घ्या."

वाचला! घरी येईपर्यंत मी तेवढंच पुटपुटत होते. घरी आल्यावर बटाट्या घासाच्या ढिगात तोंड खुपसून बसला. एका बाजूने तो कायमचा डोळा मारत असल्यासारखा दिसत होता. त्याची ती कुरकुर ऐकली आणि इतक्या दिवसांचं छातीवरचं ओझं उतरलं बघा! स्वयंपाकघरात कुणी नव्हतं. मी पदर खोचला आणि उडी मारली. एक, मग आणखी एक, मान इकडे, हात तिकडे!

मागे वळून बघते तर दारात तनू. चेहरा पांढराफटक. हातात अर्ध्या गोंड्याची तीच चप्पल.

"आई, हुंग! लवकर हुंग!"

आणि मी, बी.एस्सी. प्राणिशास्त्र, मुकाट्याने हुंगली.